बंद खाणींच्या वसाहती कोणाच्या?

कॅलिफोर्नियात इन्यो पर्वतरांगेवर, सुमारे साडेआठ हजार फूट उंचीवर, सेरो गोर्डो नावाची एक जुनी खाणवस्ती आहे. १८६५ च्या सुमारास तिथे चांदी सापडली. पुढची काही वर्षे चांदी आणि शिशाच्या लगडी खेचरांच्या गाड्यांवर लादून लॉस एंजेलिसकडे जात राहिल्या, विसाव्या शतकाच्या आरंभी काही काळ जस्त निघाले, आणि मग माणसे निघून गेली. २०१८ मध्ये एका तरुण उद्योजकाने भागीदारांसह ही तीनशेहून अधिक एकरांची ओस वस्ती १४ लाख डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेनऊ कोटी रुपयांना, विकत घेतली. २०२० च्या जूनमध्ये तिथले १८७१ चे हॉटेल जळून खाक झाले, तरी गडी हटला नाही. पाणी वर वाहून नेत आणि पडक्या इमारती डागडुजी करून उभ्या करत तो तिथेच राहिला, आणि हे सगळे मोबाइलच्या पडद्यावरून जगाला दाखवत राहिला. आपल्याकडची मुलेही ते आवडीने पाहतात. वणी, राजुरा, उमरेड या भागांत गप्पांच्या ओघात आता कोणी तरी म्हणतेच, की वेकोलिच्या, म्हणजे इथल्या सरकारी कोळसा कंपनीच्या, ओस पडलेल्या वसाहती अशाच एखाद्या पैसेवाल्याला देऊन टाकाव्यात. तो रिसॉर्ट काढेल, पर्यटक येतील, पोरांच्या हाताला काम मिळेल.

मला हे मान्य नाही. खासगी पैशाचे मला वावडे नाही, आणि त्या अमेरिकन तरुणाच्या चिकाटीबद्दल आदरच आहे. पण विदर्भातली खाणवसाहत बेवारस नसते. तिच्या जमिनीचे मूळ मालक किंवा त्यांची मुले-नातवंडे हयात असतात आणि बहुतेक वेळा वसाहतीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर राहतात. म्हणून ओस पडलेल्या वसाहतीला गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा खाण सुरू असतानाच, कंपनीकडे पैसा, यंत्रे आणि माणसे असतानाच, वसाहतीची जमीन आणि तिथल्या सोयी आसपासच्या ग्रामसभांकडे सोपवण्याची व्यवस्था कायद्याने बांधून दिली पाहिजे. खाण बंद झाल्यावर करायचे म्हटले तर तोवर सोपवण्यासारखे फारसे उरत नाही.

सेरो गोर्डोची विक्री होऊ शकली, यामागे एक विशिष्ट कायदा आहे. अमेरिकेच्या १८७२ च्या खाण कायद्यानुसार खाणीवर दावा सांगणाऱ्याला, काही अटी पूर्ण केल्यावर, ती सरकारी जमीन पूर्ण मालकीने मिळू शकत असे. मग ती वारसांकडे जाई किंवा बाजारात विकली जाई. (त्या भागात त्याही आधी राहणाऱ्या पायूट या आदिवासी लोकांना कोणी विचारले नव्हते, हा भाग वेगळा.) आपल्याकडे कोळशाची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि अस्तित्वात आली, आणि जमीन घेण्यासाठी १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा होताच. या कायद्याखाली जमीन एकदा सरकारकडे आणि तिथून कंपनीकडे गेली की तिच्यावरचे बाकी सगळे हक्क संपतात. कोळसा संपल्यावर ती परत देण्याची वाट त्या कायद्यात आखलेली नाही.

त्या बदल्यात शेतकऱ्याला काय मिळाले, हे इथल्या कोणालाही विचारावे. मोबदला मिळाला, आणि दर दोन एकरांमागे एक नोकरी हे सूत्र मिळाले. ज्या घरात नोकरी लागली त्या घराचे खरोखर बरे झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पक्के घर झाले, मुले नागपूरला शिकायला गेली. पण जमीन पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि नोकरी साठीला संपते. ज्याने बापाच्या कापसाच्या वावराच्या बदल्यात खाणीत नोकरी धरली तो आज निवृत्त झाला आहे, आणि त्याच्या मुलाकडे वावरही नाही आणि नोकरीही नाही. त्याच्या गावाशेजारची वसाहत उद्या लिलावात निघाली तर त्या लिलावात त्याचे स्थान काय, याचे उत्तर विक्रीची कल्पना मांडणाऱ्यांनी आधी द्यावे.

अशी एखादी वसाहत जवळून पाहिली की विकत घेणारा नेमके काय विकत घेणार, हे कळते. बैठ्या क्वार्टरांच्या रांगा, मधून गेलेला फुटका डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना घाणेरी आणि विलायती बाभळीचे रान. रिकाम्या क्वार्टरच्या खिडकीची चौकट आधी जाते, मग लोखंडी ग्रिल, मग दार, मग विजेच्या तारा भिंत कोरून काढल्या जातात, आणि शेवटी छताचे पत्रे. हे सगळे भंगारात जायला फार वेळ लागत नाही. एक पावसाळा अंगावर घेतलेली उघडी भिंत पुढच्या पावसाळ्यात पोपडे टाकते. तरीही रांगेतल्या चार-दोन दारांवर पडदे असतात, अंगणात तुळस असते, वाळत घातलेले कपडे असतात. कुठे निवृत्त कामगार असतो, ज्याने क्वार्टर सोडले नाही कारण त्याला जायला दुसरे घर नाही. कुठे ठेकेदाराकडचा मजूर असतो. छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेश, तेलंगण इथून आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी इथे मराठी शाळेत शिकते आणि वसाहतीच्या दुर्गापूजेला वर्गणी काढते. कागदावर या लोकांना अनधिकृत रहिवासी म्हणतात. वसाहत विकत घेणाऱ्याचे पहिले काम यांना बाहेर काढण्याचे असेल. गाव जिवंत करायचे आणि त्यात उरलेली माणसे हुसकावून लावायची, हा कसला न्याय?

खाणवसाहत मरते कशाने, याकडेही नीट पाहायला हवे. कोळसा संपला म्हणून घरे पडत नाहीत. वसाहतीचे पाणी, वीज, दिवाबत्ती, दवाखाना आणि बऱ्याच ठिकाणी शाळेची बससुद्धा कंपनी चालवत असते. पाणी खाणीतून उपसलेले किंवा नदीवरून कंपनीच्या नळाने आणलेले असते. वीज बहुतेक ठिकाणी कंपनीच्या एकाच मोठ्या जोडणीतून वाटली जाते, घरोघरी स्वतंत्र मीटर नसतो. शेजारच्या ग्रामपंचायतीला या व्यवस्थेत काही करावे लागत नाही, म्हणून तिच्याकडे ना पंपचालक असतो, ना पाणीपट्टीची यादी, ना जलवाहिनीचा नकाशा. खाण बंद झाली की खर्चाचे शीर्षक संपते, पंप थांबतो, आणि मग पाण्यामागोमाग माणसे जातात, माणसांमागोमाग किराणा दुकान आणि आठवडी बाजार. ही साखळी इतक्या ठरावीक क्रमाने तुटते की ती आधी ओळखून अडवणे अवघड नसावे. पाणी तर मुबलक असते. बंद खाणींत साठणारे पाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरता येते, हे वेकोलिनेच पाटणसावंगीच्या खाणीवर ‘कोल नीर’ नावाने बाटल्या भरून दाखवले आहे. तिथे जे बाटलीसाठी जमले ते वसाहतीच्या नळासाठी का जमू नये?

अर्थात प्रत्येक वसाहत वाचवण्याच्या लायकीची नसते, आणि हे उघडपणे बोलले गेले पाहिजे. भूमिगत खाणीत कोळशाचे खांब ठेवून मधला कोळसा काढतात. पुढे अनेक ठिकाणी ते खांबही काढले जातात आणि पोकळीत वाळू भरतात किंवा छत कोसळू देतात. वाळू नीट भरली गेली नसेल किंवा जुने नकाशे अपुरे असतील, तर वरची जमीन कितीतरी वर्षांनी दगा देते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली, आणि आजूबाजूच्या कुटुंबांना दुसरीकडे हलवावे लागले. त्या भागाखाली इंग्रजांच्या काळापासूनची जुनी खाण आहे. अशा जमिनीवर पर्यटकांसाठी झोपड्या बांधणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही, आणि तिथे ग्रामपंचायतीचे घरकुल बांधणाऱ्यालाही नाही. कोणती जमीन स्थिर आहे आणि कोणती नाही, याचा निकाल खाणीचे नकाशे ज्यांच्याकडे आहेत त्या कंपनीने, खाण बंद करण्याच्या आधी, लेखी द्यावा. धोक्याच्या जागेवरची वसाहत पाडावी आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे घर द्यावे. पण ‘धोका आहे’ हे वाक्य सोयीने, फक्त रहिवासी नकोसे झाल्यावर, वापरू नये. जमीन खरेदी करणारा खासगी माणूस या जुन्या पोकळ्यांची जबाबदारी घेईल, अशी आशा करणे भाबडेपणाचे आहे.

पैसा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये या दराने, खाणीच्या उरलेल्या आयुष्यात वाटून, एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत पैसे अडकवून ठेवणाऱ्या खात्यात, रक्कम जमा करण्याची अट घातली. २०१३ च्या सुधारित सूचनांनी दर पाच वर्षांनी, झालेले काम तपासून, जमा रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत पैसे कंपनीला परत मिळण्याची सोय केली. तपासणी कशाची होते? मातीचे ढिगारे सपाट केले का, झाडे लावली का, कुंपण घातले का, खड्ड्याचा उतार सुरक्षित आहे का. ही कामे गरजेची आहेतच. पण या सूचनांप्रमाणे पैसे सोडण्याची परवानगी केंद्राच्या कोळसा नियंत्रकाकडून मिळते आणि या संपूर्ण व्यवहारात ज्या गावाच्या शिवारात ही खाण आहे त्याच्या ग्रामसभेची सही कुठे लागत नाही. याशिवाय २०१५ च्या कायदा दुरुस्तीपासून खाणबाधित भागांसाठी निधी सांभाळणारी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम त्यांच्याकडे जाते आणि चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात तो निधी मोठा आहे. त्यातून वसाहतीची पाणीपुरवठा योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात घेण्यासाठी खर्च करायला कोणाची हरकत असणार?

जमिनीचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतलेल्या, पण आता खाणकामाच्या उपयोगाच्या नसलेल्या जमिनीच्या वापराचे धोरण मंजूर केले. जमिनीची मालकी कंपनीकडेच राहील आणि ती ठरावीक मुदतीसाठी भाडेपट्ट्याने देता येईल. कोळसा धुण्याचे कारखाने, रेल्वे सायडिंग, औष्णिक व सौर वीज प्रकल्प, पुनर्वसन, पर्यायी वनीकरण अशा कामांसाठी. भाडेकरू स्पर्धात्मक पद्धतीने निवडायचा. वरवर हे सगळे रास्त दिसते. पण स्पर्धा म्हटली की ज्याच्या गाठीला पैसा तो पुढे, हे उघड आहे. सौर प्रकल्पवाली मोठी कंपनी आणि दोनशे उंबऱ्यांची ग्रामसभा एकाच निविदेत उतरणार असतील तर निकाल निविदा उघडण्याआधीच लागलेला असतो. पुनर्वसनाचा उल्लेख त्या धोरणात आहे, म्हणजे सरकारला दार माहीत आहे. ते ग्रामसभेसाठी उघडलेले नाही, इतकेच.

इथे आणखी एक शंका येते, आणि ती मला स्वतःला महत्त्वाची वाटते. मालकी सरकारची असली म्हणजे पुरते का? जर्मनीतल्या एसेन शहरातली त्सोलफेराइन ही कोळसा खाण १९८६ मध्ये बंद झाली, तेव्हा नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने ती लगेच विकत घेतली आणि जतन केली. २००१ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि आज तिथे संग्रहालय आहे. तीच २००१ ची फेब्रुवारी संपताना कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणी बंद झाल्या. त्याही सरकारी कंपनीच्या होत्या. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या वीजकेंद्रातून ज्या गावाला वीज मिळाली, जे गाव आपल्या देशात विजेच्या उजेडात सर्वांत आधी उजळलेल्यांपैकी एक, तिथले लोक आज पहाटेची गाडी पकडून कामासाठी बंगळूरला जातात, आणि सायनाइड वापरून सोने काढल्यानंतर उरलेल्या गाळाचे डोंगर गावाच्या बाजूला तसेच उभे आहेत. सरकार दोन्हीकडे मालक होते. फरक पडला तो बंद होण्याआधी आणि बंद होताच काय केले यात.

सरकारच्या ताब्यात गेल्यावर काय होते, याचे उदाहरण पाहायला विदर्भाच्या माणसाला कोलारपर्यंत जायची गरजही नाही. भंडारा-गोंदियाचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पाहावेत. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, मालगुजारांच्या देखरेखीखाली असलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. मालगुजारी जाणे योग्यच होते. पण तलावाचा गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी राखायची, पाणी कोणाच्या बांधात आधी सोडायचे, हे ठरवणारी गावची घडी सरकारी दप्तरात गेली आणि शेकडो तलाव उथळ होत गेले. अलीकडे जिथे गावाने आणि ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी मिळून पुन्हा लक्ष घातले, तिथे तलाव सावरले. खुल्या खाणींचे पाण्याने भरलेले प्रचंड खड्डे आता आपल्यासमोर आहेत. त्यांतल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला गेला, तर हीच चूक आपण दुसऱ्यांदा केलेली असेल, आणि या वेळी अजाणतेपणाची सबबही नसेल.

ग्रामसभेला जमीन सांभाळता येते का, असा प्रश्न शहरातले लोक विचारतात आणि काही गावकरीही विचारतात, कारण ग्रामपंचायतीतला कारभार त्यांनी जवळून पाहिलेला असतो. भीती अगदीच खोटी नाही. सरपंचाच्या मेहुण्याला गाळा मिळेल, पाणीपट्टी कोणी भरणार नाही, निवडणुकीच्या वर्षी सगळे माफ होईल. पण याच विदर्भात गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, बांबूची विक्री स्वतः केली, हिशेब स्वतः ठेवला, आणि पुढे २०१३ मध्ये गावातली जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. ते गाव आदिवासी आहे, लहान आहे, त्यामागे अनेक वर्षांचे अभ्यासगट आणि एकमताने निर्णय घेण्याची सवय आहे. वणी तालुक्यातल्या मिश्र वस्तीच्या, तीन पक्षांत विभागलेल्या गावात ते जसेच्या तसे होणार नाही, हे मी मान्य करतो. तरी त्यातून एवढे सिद्ध होतेच की सामूहिक मालकी ही आपल्या कायद्यात बसणारी गोष्ट आहे आणि ती चालू शकते. ग्रामसभेच्या नावे जमीन ठेवून त्यातला काही भाग गोदामाला, दुग्धसंस्थेला, सौर पॅनेलला किंवा एखाद्या धडपड्या तरुणाच्या पर्यटन केंद्राला भाड्याने देण्यात काहीच अडचण नाही. भाडे गावाला मिळावे, आणि पट्टा संपल्यावर जमीन गावाकडे यावी.

पर्यटनावर मात्र फार भरवसा ठेवू नये. सावनेरला वेकोलिने पर्यटन महामंडळाच्या साथीने भूमिगत खाण दाखवण्याचा उपक्रम सुरू केला आहे. हेल्मेट आणि टोपीवरचा दिवा लावून खाली उतरण्याचा अनुभव शाळेच्या मुलांना जरूर द्यावा, मोठ्यांनाही द्यावा. पण ती कारभार सुरू असलेल्या कंपनीच्या खर्चावर चाललेली एकच खाण आहे. पंचवीस-तीस बंद वसाहती पर्यटनावर पोसल्या जाणार नाहीत, विशेषतः मे महिन्याच्या चंद्रपुरात, जिथे स्थानिक माणूसही दुपारी बाहेर पडत नाही.

वसाहत टिकायची तर तिला कोळशाशिवायचे दुसरे पाय हवेत, आणि याबाबतीत वरोऱ्याचा इतिहास बोलका आहे. तिथली सरकारी कोळसा खाण १९०६ मध्येच बंद झाली. ज्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली होती तो कोळसा थांबला, पण रूळ राहिले, कापसाची बाजारपेठ राहिली, आणि गाव राहिले. पुढे त्याच गावाजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. तो माळ त्यांनी गुंतवणूक म्हणून घेतला नव्हता. समाजाने टाकलेल्या माणसांना राहायला आणि कष्टाला जागा हवी होती. वरोऱ्याला जे आपसूक मिळाले ते आजच्या वसाहतींना ठरवून द्यावे लागेल. कंपनीची कर्मशाळा आयटीआयला देता येईल, दवाखाना प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडता येईल, आणि वसाहतीतल्या कुटुंबांना घराची मालकी वा दीर्घ मुदतीचा पट्टा देता येईल. पगाराच्या दिवशी भरणारा बाजार पगार थांबल्यावर भरत नाही. त्याच्या जागी शेतमालाची विक्री आधीच रुजलेली असली पाहिजे.

यांतल्या काही गोष्टींसाठी नवा कायदाही लागत नाही. एस्क्रो खात्यातून पैसे परत मागणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत संबंधित ग्रामसभांचा ठराव जोडणे बंधनकारक करावे, आणि बंद होण्याच्या किमान पाच वर्षे आधी पाणी, वीज व रस्त्यांचे हस्तांतरण सुरू झाले नसेल तर पैसे सोडू नयेत. मार्गदर्शक सूचनांत एवढी दोन कलमे घातली तरी चित्र बदलेल. जमीन परत देण्यासाठी मात्र १९५७ च्या कायद्याला हात घालावा लागेल, आणि ते संसदेचे काम आहे. चंद्रपूर, नागपूर आणि रामटेक या मतदारसंघांतून दिल्लीला जाणाऱ्या खासदारांना गावोगावच्या ग्रामसभांनी या दुरुस्तीबद्दल लेखी विचारावे, आणि त्यांचे उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.